बासष्ट रॉकवेल कडक

३ नोव्हेंबर
मुलगी माझ्याबरोबर जंगलात एक रात्र तंबूत राहायला हो म्हणाली. तिच्या आईने भरीस घातलं असणार, पण हो ते हो. घटस्फोटानंतर पहिलाच मुक्काम. आनंद व्हायला हवा. संध्याकाळपर्यंत होईल.
निश्चय: सरपण विकत घ्यायचं नाही. सुरी ओंडक्यावर धरायची, वरून दांडक्याने ठोकायची, की लाकूड दुभंगतं. व्हिडिओतला माणूस मध्येच चहाही पितो.

५ नोव्हेंबर
सुरी ऑर्डर केली. पोलादाचा कडकपणा बासष्ट रॉकवेल. साइटवरचा सगळ्यात वरचा आकडा. धाकटा भाऊ म्हणाला, कडक वेगळं आणि चिवट वेगळं. ठोकाठोकीला चिवट लागतं, कडक तडकतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो गाद्या विकतो.

९ नोव्हेंबर, सकाळी
सुरी आली. कागद सुळकन कापला. लाकूड म्हणजे काय, कागदाचा बापच. होईल.

१४ नोव्हेंबर
रोज धार लावतो. पातं बरंच पातळ झालंय. चाचणी म्हणून हातावरचे केस काढतो. डावा हात संपला, आता पायावर आलोय. ऑफिसात साहेबांनी विचारलं, त्वचेचा काही त्रास आहे का? हो म्हटलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं.
सराव अजून नाही. धार उगाच बोथट व्हायची.

१८ नोव्हेंबर
भाऊ कुऱ्हाड देऊन गेला. गाडीत असू दे म्हणाला. माळ्यावर टाकली. मुलीसमोर कुऱ्हाड काढली तर बापाचा स्वतःवरच भरवसा नाही असं दिसेल.

२२ नोव्हेंबर, दुपारी
पोचलो. फोनला रेंज नाही. तिला वाईट वाटलं, मला बरं. फिट्टंफाट. आता शेकोटी.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी
ओंडक्यात गाठ निघाली. चार ठोके मारले, धारेचा टवका उडाला. आणखी जोरात मारलं. मूठ माझ्या हातात, पातं लाकडात. मुलीने विचारलं, आता काय? मी म्हटलं, तसं पोलाद फार चांगलं होतं. तिने बिस्किटं काढली. आईने जास्तीची दिली होती म्हणे. निम्मी मला दिली. हसली नाही, चिडलीही नाही. चिडली असती तर परवडलं असतं. पाहुण्याशी वागावं तशी नीट वागत होती.
गार पडलं. तंबू सोडून गाडीत बसलो, हीटर लावून. विषय सुचेना म्हणून पोलादाबद्दल सांगितलं. ती ऐकत होती असं धरून चाललो.

२३ नोव्हेंबर
उजाडताच निघालो. तिला तिच्या आईकडे सोडलं. थँक्यू म्हणाली. पुढच्या महिन्यात परत जायचं का, विचारलं. बघू म्हणाली.
घरी येऊन वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं. बघू म्हणजे नाही नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली.
तिची आईही शेवटचं वर्षभर बघूच म्हणत होती.