एर्नेस्तोच्या आजीची फारिनाता

एनस्खेडे,
८ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, म्हणजे तुझ्या राजनने काढलेला त्याचा फोटो पोचला. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर मला तुझं अक्षर दिसत नाही, म्हणून बोटांनी ताणताणून वाचलं. शाळेत मास्तर तुझ्या अक्षराला मोती म्हणायचे. हल्ली त्यातला एकेक मोती मला खिडकीएवढा दिसतो.

इथे हॉलंडात सगळं क्षेम. वृंदा तिच्या विद्यापीठात, जावई आशुतोष त्याच्या मीटिंगांत, आणि तुझा भाऊ शेजारच्या एर्नेस्तोबरोबर कालव्याकाठच्या बाकावर. हा एर्नेस्तो इटलीतल्या जिनोआजवळचा. पोरवयात इथल्या कापडगिरणीत कामाला आला तो इथलाच झाला. गिरणी गेली, बायको गेली, एर्नेस्तो राहिला. मोडक्या इंग्रजीत तो मला त्याच्या समुद्राबद्दल सांगतो आणि मी त्याला आपल्या कृष्णेबद्दल. मी शाळेतल्या कविता म्हणतो, त्याला अक्षर कळत नाही, पण ताल मात्र बरोबर धरतो. वृंदाची आई गेल्यापासून माझ्या कवितेला न उठता बसून राहिलेला हा पहिलाच श्रोता.

आता भानगड ऐक. याची थोरली बहीण तेरेझा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते आहे. ती दर रविवारी फोन करून विचारते की जेवलास काय, आणि हा वर्षानुवर्षं सांगत आला आहे की आजीची फारिनाता केली. फारिनाता म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं, ऑलिव्हच्या तेलातलं, भट्टीत खरपूस भाजलेलं धिरडंच म्हण. प्रत्यक्षात एर्नेस्तो फ्रीझरमधला पिझ्झा खातो. त्यातही अननसाचे तुकडे घातलेला! हे त्याने मला आजूबाजूला पाहून, कानात सांगितलं. आपण पुरणपोळीवर टोमॅटो सॉस ओतावा, तसलं हे पाप आहे म्हणे.

तेरेझाबाईंनी घरातली एक खोली याच्यासाठी रंगवून ठेवली आहे. भाऊ नीट जेवत नाही असं दिसलं की त्याला उचलून इटलीला नेणार. परतीची तिकिटं दोन काढली आहेत. तो गेला तर अक्का, त्या बाकावर मी आणि बदकं एवढेच उरू.

मी भारतीय, म्हणजे हरभऱ्याच्या पिठातला जाणकार, असा त्याचा समज आहे. मी तो मोडला नाही. तरी आपली आजी पिठलं करताना गुठळ्या कशा होऊ देत नसे, ते सविस्तर कळव.

माझ्या मूर्खपणासकट माझ्यावर माया ठेव.

तुझा,
श्रीधर


मिरज,
११ सप्टेंबर

चि. श्रीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र राजनने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मध्येच हसत सुटला, म्हणून मग मीच वाचलं. जन्मात चहापलीकडे काही केलं नाहीस. तोही वृंदाची आई माहेरी गेली की, आणि त्यातही पातेलं जाळून ठेवायचास. आणि आता इटलीचा स्वयंपाक! बरं आहे.

गुठळ्यांचं विचारतोस तर पीठ आधी चाळून घे. पाणी एकदम ओतू नकोस, धार धरून घाल आणि एकाच दिशेने ढवळ. ढवळताना कविता म्हणू नकोस. तुझा हात चालीवर थांबतो, मला माहीत आहे. कालवलेलं पीठ झाकून निवांत मुरू दे. आजी सकाळी कालवून ठेवायची आणि आपण भूक भूक करून तिचं डोकं खायचो, आठवतं का? तू तर झाकण उघडून बोट घालायचास आणि नाव माझं सांगायचास.

आणि हिंग घाल. ओवाही घाल चिमूटभर. तुम्ही तिघं सत्तरी ओलांडलेली माणसं डाळीचं पीठ खाऊन बसणार, मग रात्रभर पोट धरून कोणाकोणाला हाका मारणार? इटलीत घालत नसतील तर त्यांचं त्यांच्यापाशी. न सांगता घाल.

मला विचारशील तर हे सोंग कशाला? बहिणीला फोनवर सगळं कळतं. मला फोनवर ऐकू यायचं तेव्हा तू मागे दिवाळीला 'चकल्या छान झाल्या' म्हणालास, तेव्हाच मी राजनला म्हटलं, विकतच्या आहेत. पण तुम्हा दोघांना अक्कल शिकवायला मी कोण?

बदकांशी बोलायची वेळ येऊ नये म्हणून देवाला सांगते. तब्येतीला जप, आणि पत्र आखडतं घेऊ नकोस.

तुझी,
अक्का


एनस्खेडे,
२८ सप्टेंबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

प्रयोग सुरू आहेत. वृंदाला काही सांगितलेलं नाही. ती लॅबला गेली की मी बेसनाचा डबा पिशवीत घालून मागच्या दाराने निघतो. ऐन तारुण्यातही मी मागच्या दाराने कुठे गेलो नव्हतो.

पहिली फारिनाता छपराच्या पत्र्यासारखी झाली. एर्नेस्तोने ती वाजवून दाखवली. दुसरीच्या वेळी धूर झाला आणि छतावरची धोक्याची घंटा अशी कोकलली की समोरच्या डच बाई ओले हात घेऊन धावत आल्या. एर्नेस्तोने त्यांना सांगितलं की हा भारतीय सण आहे. त्यांनी मला शुभेच्छा दिल्या. मी त्या घेतल्या.

दर वेळी एर्नेस्तो एक घास घेतो, डोळे मिटतो, आणि मान हलवतो. आजीची अशी नव्हती. मग सांगत बसतो. तो सकाळी उठायचा तेव्हा टेबलावर ताटलीत गरम फारिनाता वाफाळत असायची, खिडकीबाहेर समुद्र, आणि आजी काळ्या पोशाखात त्यावर मिरपूड भुरभुरत असायची. अक्का, तो बोलतो तेव्हा मला त्याची आजी दिसत नाही, आपली दिसते. निखारे सारखे करणारी. दोघी कुठेतरी शेजारीशेजारी बसून आपल्या नातवांना हसत असतील, असं मनात येतं आणि तेवढ्यात धिरडं करपतं.

मध्ये एक दिवस विश्रांती म्हणून त्याने पेस्तो केला. ती त्यांची हिरवी चटणी, बेसिल नावाच्या पानांची. आपल्या तुळशीची सख्खी बहीणच. त्याने कुंडी पुढे केली तशी मी सवयीने नमस्कार केला. तेव्हापासून तोही पानं तोडण्याआधी हात जोडतो. शेवयांसारख्या त्या पास्त्यात कालवून इतकं सुरेख लागलं की मी दोनदा घेतलं. पण तेरेझाबाईंना पेस्तोने भुलवता येणार नाही म्हणे.

काल तुझं ऐकून, त्याची पाठ वळलेली पाहून, हिंग टाकला. ओवाही. एर्नेस्तोने घास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवलीच नाही. मग हळूच म्हणाला, हीच. अगदी हीच! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही घशाशी आलं होतं, पण ते हसू होतं. आता मी काय सांगू? काही सांगितलं नाही. हिंगाची डबी खिशात ठेवली आहे.

कृती पाठ राहावी म्हणून अभंगाच्या चालीवर बसवली:

पीठ बेसनाचे । तिप्पट ते पाणी ।
मीठही घालोनी । स्वस्थ बसा ॥

स्वस्थ बसणं एवढंच जमत नाही. येत्या रविवारी परीक्षा. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे, जळका वास आला तरी.

तुझा,
श्रीधर


एनस्खेडे,
६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,
शि. सा. न.

बाबांनी तुला लिहिलेलं सगळं मला काल कळलं, म्हणून आज मी लिहिते आहे. शनिवारी मी फ्रीझर उघडला आणि पिझ्झ्यांचे डबे धडाधड पायावर पडले. सगळे अननसवाले. बाबांना विचारलं तर म्हणाले, आशुतोषचे असतील. आशुतोषला विचारलं तर तो बिचारा भांबावून सॉरी म्हणाला! तेरेझाबाई घराची झडती घेणार म्हणून एर्नेस्तोकाकांचा माल आमच्याकडे हलवला होता, हे मग बाहेर आलं.

रविवारी आम्हा सगळ्यांनाच तिकडे जेवायला बोलावलं होतं. तेरेझाबाई चिमुकल्या आहेत, पण त्या खोलीत आल्या की माणूस आपोआप ताठ बसतो. फारिनाता आली. त्यांनी आधी वास घेतला. मग खाल्ली, सावकाश, भिंतीकडे बघत. मग विचारलं, कोणी केली. काका म्हणाले, मी. बाई म्हणाल्या, छान, मग आणखी एक कर, माझ्यासमोर. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, सवयीने खिशातून हिंगाची डबी काढली, झाकण उघडलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे बघताहेत. आत्या, तो वास! डबी हातात धरून बाबा पुतळ्यासारखे उभे.

तेरेझाबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मी पाणी आणून दिलं. मग त्यांनी सांगितलं, आणि काकांनी पडेल चेहऱ्याने आम्हाला इंग्रजीत सांगितलं, की त्यांच्या आजीने जन्मात कधी फारिनाता केली नव्हती. तशी भट्टी घरात कोणाकडेच नसायची. कोपऱ्यावरच्या बेकरीतून यायची. आजी पहाटे तेरेझाबाईंना ताटली घेऊन पिटाळायची. काका धाकटे, तेव्हा झोपलेले असायचे. उठले की ताटली समोर आणि आजी मिरपूड टाकताना. त्यामुळे दर रविवारी फोनवर आजीची फारिनाता केली म्हटलं की बाईंना सगळं कळायचं. त्या मुद्दाम आणखी आणखी विचारायच्या. काका नवेनवे तपशील रचायचे आणि त्या तिकडे फोनवर हात ठेवून हसायच्या.

इथवर मजाच होती. पण मग त्यांनी हसू पुसलं आणि म्हणाल्या, दुसऱ्याच्या मदतीशिवाय तुझ्या ताटात एक घास पडत नाही, शुक्रवारी माझ्याबरोबर चल. काका ताटल्या गोळा करायला लागले. मला वाटतं ते हो म्हणतील. त्यांना बहिणीपुढे नाही म्हणता येत नाही.

बाबा कालपासून नीट जेवलेले नाहीत. मी आपली समजत होते की घर उबदार आहे, टीव्हीवर मराठी लागतं, वीकेंडला आपण फिरवतो, म्हणजे बाबा मजेत आहेत. आज सकाळी ते एकटेच बाकावर जाऊन बसले होते. मी लॅबला जाताना सायकल थांबवली तर म्हणाले, सराव करतोय.

तू काहीतरी लिही ना त्यांना. माझं ते ऐकून घेतात, तुझं ऐकतात. सांभाळून राहा, आणि मलाही अधूनमधून दोन ओळी रागावत जा.

तुझी,
वृंदा


मिरज,
७ ऑक्टोबर

चि. श्रीधर यास आशीर्वाद. हे पत्र घाईचं आहे. राजन दारात चप्पल घालून उभा आहे.

हिंगाची डबी खिशात घालून परक्याच्या घरी जेवायला जाणारा माणूस आपल्या घराण्यात तू पहिलाच. असो.

आता ऐक. त्या बाईशी वाद घालू नकोस, भावाला नेऊ नका म्हणून रडू नकोस आणि कविता तर मुळीच ऐकवू नकोस. मी थोरली बहीण आहे, मला विचार. थोरल्या बहिणीचा जीव कशात असतो सांगू? चुका दाखवण्यात. इतकी वर्षं फोनवर ऐकून ऐकून तिच्या तोंडाला खाज सुटली असणार. तिला सरळ विचार, बाई, आजीने घरात जे खरं केलं ते आम्हाला शिकवा. तुम्हा दोघांना समोर बसवून भाज्या चिरायला लावू दे. तुम्ही जाड चिरा. म्हणजे ती तिथेच अडकेल.

जेव. उपाशीपोटी कोणाचं मन वळवता येत नाही.

माझी काळजी करू नकोस, तुझी मी करते आहेच.

अक्का


एनस्खेडे,
२२ ऑक्टोबर

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला त्याची क्षमा कर. हाताला सवड नाही. का, ते सांगतो.

तुझं पत्र वाचून मी तसाच तेरेझाबाईंपुढे जाऊन उभा राहिलो आणि तू लिहिलंस तस्संच विचारलं. एर्नेस्तोने ते इटालियनमध्ये सांगितलं. बाई आधी माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या, मग ॲप्रनची गाठ मारली. त्यांची आजी घरी करायची ते मिनेस्त्रोने, म्हणजे भाज्या, घेवड्याचे दाणे आणि थोडा पास्ता घालून शिजवलेलं घट्ट, चमचा उभा राहील असं सूप. वरून चमचाभर पेस्तो. थंडीतल्या संध्याकाळी आपल्याकडे भाजीची आमटी भाताआधी नुसतीच ओरपावी, तसं ते पोटात जातं.

आम्ही जाड चिरलं. बाईंनी सुरी हिसकावली. मग पुन्हा आमच्याच हातात दिली आणि मागे उभ्या राहिल्या. एकूण तुझं निदान अचूक होतं.

पण खरी गंमत पुढेच झाली. सूप उकळायला लागलं तसं एर्नेस्तो म्हणाला, यात लाल भोपळा हवा. बाई म्हणाल्या, आजीने भोपळा कधीच घातला नाही. एर्नेस्तो म्हणाला, घालायची. तू तेव्हा नेमकी बेकरीत गेलेली असायचीस! अक्का, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो बहिणीला उलट बोलला असावा, कारण बाई चमचा हातात धरून खाली बसल्या. मग जे सुरू झालं ते मला शब्दाशब्दाने कळलं नाही, पण हातवाऱ्यांवरून भोपळा आणि आजी एवढं नीट कळत होतं. समोरच्या डच बाई पुन्हा आल्या. मी त्यांना सांगितलं की हा इटालियन सण आहे.

शेवटी दोघांनी वाडगी भरून घेतली, न बोलता चाटूनपुसून संपवली, आणि एकदम एकाच सुरात म्हणाली, आजीसारखं नाही. आणि वाडगी पुन्हा पुढे केली.

शुक्रवारी बाईंची बॅग दारात होती. एर्नेस्तोची नव्हती. तो म्हणाला, तू भोपळा मान्य कर, मी लगेच येतो. बाई म्हणाल्या, मेले तरी नाही. विमान गेलं. बॅग पुन्हा माडीवर गेली. आता असं ठरलं आहे की आजीच्या सुपाचा निकाल लागेपर्यंत कोणी कुठे जायचं नाही. रोज एक भाजी बदलून करतात. मी, परका आणि निःपक्षपाती म्हणून, परीक्षक नेमला गेलो आहे. काल वृंदाही लॅबमधून परस्पर तिकडे आली, दोन वाडगी प्यायली, आणि मला विचारत होती की बाबा, आपली आजी आमटीत काय घालायची? मी सांगितलं, अक्काला विचारून कळवतो. तर ते कळव.

दुपारी आम्ही तिघं बाकावर असतो. मधली जागा बाईंची. मी परवा त्यांना आपल्या शाळेतली एक कविता म्हणून दाखवली. त्यांनी एका ठिकाणी मला थांबवून चाल चुकल्याचं सांगितलं. अक्षर कळत नसताना! आणि खरंच चुकली होती.

निकाल कधी लागेल म्हणून वृंदा विचारते. मी गंभीर चेहरा करून सांगतो की प्रश्न नाजूक आहे. तुलाच म्हणून सांगतो, कोणाला बोलू नकोस. ज्या दिवशी एर्नेस्तो पडतं घेईल असं वाटतं, त्या दिवशी मी भोपळ्याच्या बाजूने बोलतो. बाई डळमळल्या की विरुद्ध बोलतो. आज बाईंचा आवाज जरा मऊ झाला होता. एक लहानसा तुकडा असेलही घालत आजी कधी, असं म्हणाल्या. मी ताबडतोब चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, छे, भोपळ्याने सगळी चव बिघडते.

हिवाळा इथे लांब असतो. मिरजेहून तुझी माया अशीच येत राहो, आणि हे पत्र राजनला वाचू देऊ नकोस.

तुझा आज्ञाधारक,
श्रीधर