मोठ्याची बाटली

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली साष्टांग फक्त कागदावरच जमतो. प्रत्यक्ष भेटीत उभ्यानंच मान लववीन, ती गोड मानून घ्यावी.) तुझं पोट, वहिनींची पाठ आणि मुलांच्या परीक्षा हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही मजेत आहोत. लोकांचे डोळे रोज थोडे थोडे बिघडतात, त्यामुळे दुकानाची काळजी नाही. आईची तब्येत उत्तम. डॉक्टरांनी मागच्या वेळी आधी तिची नाडी बघितली आणि मग स्वतःची. जिना चढते, दोन्ही वेळा नीट जेवते आणि चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. चष्मेवाल्याच्या आईनं असं चारचौघांत करणं धंद्याला बरं नाही, पण ऐकत नाही. तिच्याबद्दल अजून लिहायचं आहे, ते ओघात येईल.

फोन टाकून पत्र का, असं तुझ्या मनात आलंच असेल. एक तर फोनच्या वेळी आई शेजारी बसलेली असते, आणि तिच्यासमोर तिच्याविषयी बोलता येत नाही. दुसरं म्हणजे फोनवर मी काही सांगायला लागलो की तू 'हो हो, निवृत्त झालो की निवांत येतो, मग बोलू' म्हणतोस आणि हवापाण्यावर घसरतोस. पत्राला मधेच 'हो हो' म्हणता येत नाही. वाचावंच लागतं.

तर विषय तुझ्या बाटलीचा आहे. तू मागच्या खेपेला दोन आणल्या होत्यास. पहिली उघडण्याआधी तू स्वयंपाकघरात उभं राहून जे भाषण केलंस ते माझ्या अजून लक्षात आहे: ही साधी बियर नाही, बेल्जियन पद्धतीची एल आहे, अंगानं तगडी, आणि वर हात सैल सोडून हॉप्स घातलेले. (हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, कडूपणाही त्यांचा आणि सुवासही त्यांचाच. हे तू मला सांगितलंस आणि मी नंतर बऱ्याच जणांना स्वतःचं म्हणून सांगितलं.) बाटली हळुवार उघडायची असते असं सांगत सांगत तू ती उघडलीस आणि फेस थेट छताला लागला. तू स्टुलावर चढून फडक्यानं छत पुसत होतास, खाली ही स्टूल धरून हसत होती, आणि आई सांगत होती की सोड, पडशील, राहू दे तो डाग. राहिला तो. उरलेली आपण ग्लासात घेतली तेव्हा आधी वास आला: नुकत्याच सोललेल्या संत्र्याच्या सालीचा, मागून मिऱ्याचा आणि कुठूनसा कापलेल्या गवताचा. मग गोडसर घोट, आणि तो गेल्यावर जिभेच्या मागच्या टोकाला कडू, जे पुष्कळ वेळ जायला तयार नव्हतं. मला कडू आवडत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी मी दुसरा घोट घेतला, तो पहिल्याचा कडूपणा घालवण्यासाठी, आणि मग तसंच पुढे चालू राहिलं.

दुसरी बाटली तू माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, ही मी पुढच्या वेळी आलो की उघडू, तोवर हात लावायचा नाही. दादा, तू हे कुठल्या घरात बोललास याचा विचार करायला हवा होतास. आपल्या घराला चांगली वस्तू जपून ठेवण्याचा आजार आहे. बाबांचा तो लोकरी कोट आठव. चांगल्या प्रसंगाला घालायचा म्हणून कपाटात राहिला, आणि प्रसंग आला तेव्हा बाबांचं पोट आणि कोटाची बटणं यांची गाठ पडेना. सोनेरी काठाचे कप पाहुण्यांसाठी होते, पण आपल्याकडे आलेला एकही पाहुणा आईला त्या कपांच्या लायकीचा वाटला नाही. अशा घरात तू बाटली ठेवायला दिलीस. मी ती प्राणापलीकडे जपली.

आधी फ्रिजमध्ये ठेवली. तिथं ती दार उघडलं की गडगडत बाहेर यायची. हिनं चार-दोनदा झेलली, मग सांगितलं की भाऊजींची बाटली नाहीतर घरातलं दूध, यातलं एकच काय ते राहील. मग पलंगाखाली ठेवली. तिथून ती एक दिवस गायब झाली. मी सगळं घर पालथं घातलं, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसावर मनातल्या मनात आळ घेतला (आणि त्या भरात त्याला चहाही विचारला नाही), आणि शेवटी ती सापडली आईच्या कपाटात. आईनं ती बाबांच्या मफलरमध्ये गुंडाळून साड्यांच्या मधे ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, मोठ्याची आहे ना, फरशीवर गारठेल. आम्ही खूप हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

त्यानंतर मी बाटली दुकानात हलवली, मागच्या कपाटात, जुन्या फ्रेमांच्या खोक्यांआड. अंधार, गारवा आणि कोणाची ये-जा नाही. मी अधूनमधून जाऊन बघून यायचो. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं, करायला टाकलेला वाचायचा चष्मा न्यायला. बियरच्या कारखान्यात नोकरीला होतो, असं बोलता बोलता म्हणाला. आता अशा माणसासमोर आपली बाटली न काढणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय कारण तयार होतं. माझ्या वाचायच्या कार्डावरच्या ओळी त्याला पाठ झाल्या होत्या, त्याला खरीखुरी बारीक अक्षरं वाचायला हवी होती. मी बाटली आणली, फडक्यानं पुसली, आणि मोठ्या ऐटीत पुढे केली. नवीन नंबर अगदी अचूक बसला होता. त्यानं मागचं लेबल तळापासून वाचत आणलं आणि एका ओळीशी थांबून माझ्याकडे असं बघितलं, जसं घरी कुणी गेल्याचं कळल्यावर लोक बघतात. ओळ होती: ताजी असतानाच प्यावी.

दादा, मी गावाला चष्मे लावतो. ती ओळ इतके दिवस माझ्या कपाटात होती.

माणूस भला होता. म्हणाला, घाबरू नका, खराब होत नाही. अशी तगडी एल वर्षानुवर्षं टिकते, ताकद जागेवर राहते, कडूपणाही बराचसा राहतो. फक्त फुलांचा वास आधी जातो. रोज थोडा थोडा जातो, त्यामुळे जाताना कळत नाही. मी विचारलं, अजून किती असेल? तो म्हणाला, ते उघडल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. मग त्यानं चष्मा डबीत ठेवला आणि गेला. मी दुकान लवकर बंद केलं.

घरी मी म्हटलं की दादाचा शब्द आहे, उघडायची नाही. ही म्हणाली, "अहो, भाऊजींना बाटली राखून ठेवायची होती की त्यातलं काही?" लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशा वेळी उत्तर शोधत बसायचं नाही, एवढं मला कळतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाटली टेबलावर आली. आणि तेवढ्यात आई उठली, कपाटाशी गेली आणि तिनं सोनेरी काठाचे कप काढले. आम्ही बघतच राहिलो. मोठ्याची आहे, असं म्हणून तिनं ते स्वतः विसळले.

मी छताकडे बघत, अंग चोरून बाटली उघडली. काही झालं नाही. फेस शहाण्यासारखा वर आला आणि कपाच्या काठाशी थांबला. रंग तोच, जुन्या मधासारखा. घोट घेतला तो जाड आणि गोड, आणि गिळल्यावर कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ताकद म्हणशील तर पहिल्याहून तिळभर कमी नाही. (अर्धा कप झाल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा नंबर काढायला निघालो होतो. ही, जी शाळेत गणित शिकवते आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्याशिवाय झोपत नाही, ती आमच्या लग्नातल्या एका विनोदावर आता हसली. तेव्हा हसली नव्हती.) कडूही होतं, त्याच जागी. पण मी कप नाकाशी धरून कितीही शोधलं तरी ते संत्रं सापडेना. मिरं नाही, गवत नाही.

आईनं कप उचलला, पिण्याआधी वास घेतला, ओठ ओले केले आणि खाली ठेवला. म्हणाली, "मागच्या वेळी याला संत्र्याच्या सालीचा वास होता. आता नुसतं कडू आहे."

त्या सकाळी तिनं मला ओळखलं नव्हतं. हे आता लिहून टाकतो. मी चहा घेऊन गेलो तर तिनं मला खुर्चीवर बसवलं, अहो-जाहो केलं, आणि तुमच्या घरी कोण कोण असतं म्हणून चौकशी केली. मी सांगितलं, आई असते. बरं आहे, म्हणाली, जपा तिला. असं हल्ली होतं. रोज नाही, पण होतं. आणि तीच आई त्या दुपारी तुझ्या बाटलीचा वास सांगत होती, जो मला आठवून आठवून शोधावा लागत होता. मग तिनं वर त्या डागाकडे बघितलं आणि विचारलं, "तो पुसायला चढला होता ना? उतरला का?"

मी म्हटलं, उतरला.

(मी उपमा देत नाही. चष्मेवाल्याला उपमा शोभत नाहीत. बाटली ही बाटली आहे, एवढंच लिहितो.)

तुझ्या परवानगीवाचून उघडली याबद्दल राग मानू नये. तुझ्या वाटणीचा घोट मी घेतला, तो तुझ्याच पद्धतीनं, डोळे मिटून. वहिनींना नमस्कार, मुलांना भरपूर आशीर्वाद. हीसुद्धा नमस्कार सांगते आणि अक्षर सुधारा म्हणते.

तुझा धाकटा

ता. क. छताला रंग काढायचा घाट आम्ही घातला होता. आई रंगाऱ्यासमोर शिडी धरून बसली. डाग तसाच आहे.

ता. क. दुसरा. आईची तब्येत उत्तम, असं वर लिहिलंय ते खोटं नाही. डॉक्टर म्हणाले, शरीराचं काही बघायला नको, ही अजून पुष्कळ वर्षं काढेल. बाकीचं किती राहील ते विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. मला भीती वाटते, दादा. मला ती विसरते, त्याचं मी सोसतो, कारण दुसऱ्या दिवशी परत ओळखते. पण तुला ती अजून एकदाही विसरलेली नाही. निवृत्त होऊन निवांत येतोस ते ठीक आहे, घर तुझंच आहे. पण त्याआधी एकदा, निवांत नसतानाच ये.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. ती बाटली आईनं धुतली, बूच परत लावलं, मफलरमध्ये गुंडाळली आणि साड्यांच्या मधे ठेवली. मोठा आला की उघडू, म्हणते. ती रिकामी आहे हे मी तिला सांगितलेलं नाही. येताना एक भरलेली आण, आणि लेबल वाचून आण.