शून्य दराची बांधी

८ जुलै २०२३, शनिवार

निवड झाली! तुमसर स्टँडवर सिहोऱ्याच्या बसची वाट बघत होते, तेव्हा अतुलचा फोन आला — हर्षा, आपण पहिल्या फेरीतून पुढे! मागे कंडक्टर ओरडत होता, निम्मं ऐकूच आलं नाही. आनंद झाला, पण थोडाच. महिनाभर परीक्षा, सबमिशन आणि वरून हे. अंगात आनंदाला जागाच उरलेली नाही.

एका बड्या कंपनीची स्पर्धा आहे. हॅकॅथॉन म्हणतात. यंदाचा विषय 'समाजासाठी तंत्रज्ञान'. म्हणजे आमच्यासारख्यांनी गावाचा एखादा प्रश्न धरायचा आणि त्यावर ॲप करायचं. मी, वर्गातला अतुल आणि माझी भंडाऱ्याची रूममेट खुशबू, असे तिघं आहोत. आमचं ॲप धानाच्या रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं. ज्याला रोवणा लावायला बाया हव्यात त्यानं फोनवर मागणी टाकायची, आणि बायांच्या टोळीच्या प्रमुखानं ती घ्यायची. आता महिनाअखेरपर्यंत ते गावात खरंखुरं चालवून दाखवायचं. मग नागपूरला अंतिम फेरी. वर आलेल्यांना थेट नोकरी.

नोकरी! शेवटचं वर्ष आहे. आमच्या कॉलेजात कंपन्या येतात, चहा पितात आणि जातात.

९ जुलै

गाव आमचंच, टोळी आईची. मंगलाबाईची टोळी म्हटलं की आजूबाजूची गावं ओळखतात. तिला आज ॲप शिकवलं. हात पदराला पुसून फोन घेते आणि बटण दाबताना श्वास रोखते! एकदोनदा चुकली, मग जमलं. माझ्यापेक्षा तिलाच जास्त हुरूप.

एकच गोष्ट विचारली तिनं — आपल्या टोळीतल्या बायांच्या बांध्या यात कुठे टाकायच्या?

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टोळीतल्या बाईची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, टोळी फुकट लावते. मजुरी नाही, दुपारचं जेवण तेवढं तिच्या घरचं. आणि जिच्या घरी कोणी नाही तिचा नंबर सगळ्यांत आधी. आजीच्या वेळेपासूनची रीत आहे. म्हटलं, त्याही टाक, दराच्या जागी शून्य लिही.

१२ जुलै

शून्य टाकलं की ॲप अडकतं. अतुल म्हणतो, दर नाही म्हणजे मागणीच अर्धवट. त्यानं तोड काढली — शून्यवाल्या बांध्या यादीत सगळ्यांत शेवटी. मी म्हटलं, अरे, आमच्याकडे त्या आधी असतात. तो म्हणाला नंतर पाहू. मीही म्हटलं नंतर पाहू. डोळे मिटत होते.

१३ जुलै

नंतर संपलं! आज दुपारपासून ॲपमध्ये काही बदलायचं नाही, असा स्पर्धेचा नियम आहे. कंपनीनं आम्हाला एक मार्गदर्शक मॅडम दिल्या आहेत, पुण्याहून फोनवर बोलतात. त्यांना विचारलं, एवढं शून्याचं दुरुस्त करू का? नाही म्हणाल्या, गोड आवाजात. यादीतला क्रम मोडला किंवा घेतलेलं काम रद्द केलं तर गुणही कापतील.

टी-शर्ट आले. पाठीवर इंग्रजीत लिहिलंय, 'बदल घडवणारे'. माझ्या टी-शर्टमध्ये मी आणि खुशबू दोघी मावू.

१५ जुलै, शनिवार

घरी आले. ॲप जोरात चाललंय. इश्वरभाऊ आमच्या गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या पुतण्यानं घरच्या साऱ्या बांध्या एकेक करून टाकल्यात. त्यांची एक मागणी आली की शून्यवाल्या आणखी एक पायरी खाली.

सगळ्यांत खाली शकुनमावशी.

मावशी म्हणजे टोळीत नेहमी आईच्या शेजारी वाकून रोवणारी बाई. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन शहापूरला. बोडीखाली, गावच्या छोट्या तळ्याच्या पाण्यावर, एकच बांधी, वर्षभर खायचा तांदूळ तेवढ्यातूनच. रीतीनं पहिला नंबर तिचा होता. आज अंगणात येऊन बसली, माझ्या कॉलेजची चौकशी केली. ॲपचं नावही काढलं नाही. जाता जाता म्हणाली, "पऱ्हे मोठे होऊन राहिले, पोरी." रोपं वेळेत उपटून लावली नाहीत तर पुढे धान भरत नाही, हे मला शेंबडी असल्यापासून माहीत आहे.

१६ जुलै

सकाळी आईला म्हटलं, तो फोन ठेव बाजूला, मावशीचं लाव आधी. म्हटलं खरं. पण ती नाही म्हणेल तर बरं, असंही मनात होतंच. खोटं कशाला लिहू?

आई म्हणाली, "तुही नोकरी लागू दे पयले. शकुन काय परकी हाये का? समजून घेते ते."

हुश्श झालं. आणि स्वतःची इतकी चीड आली की बसमध्ये जागा असूनसुद्धा तुमसरपर्यंत उभीच राहिले.

१९ जुलै

पाऊस थांबलाय. भंडाऱ्यात लोक खूश, कपडे वाळताहेत. माझा जीव बोडीखालच्या बांधीत.

मॅडमना आमचं सादरीकरण आवडलं, पण 'वेदना कमी पडते' म्हणे. एखादी बाई दाखवा, जिचं आयुष्य ॲपनं बदललं. खुशबू माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आहे एक बाई, पण ती दाखवता येणार नाही. मॅडमना वाटलं तिला कॅमेऱ्याची लाज वाटते.

शेवटी आईचाच फोटो टाकला. फोटोत ती हसतेय.

२२ जुलै, शनिवार

घरी गेले नाही. कारण सांगितलं सादरीकरणाचं. खरं कारण — मावशीसमोर कोणतं तोंड घेऊन जाऊ?

२५ जुलै

आईला फोन केला. मागे बायांचा गलका. टोळीतल्या पुष्पाबाईचा आवाज ओळखला, तिचा आवाज लपत नाही — अजून किती दिवस, मंगला, असं काहीतरी. मग दार लोटल्याचा आवाज, आणि आई एकदम हळू बोलायला लागली.

विचारलं, भांडण झालं का? नाही म्हणाली. मावशीच्या बांधीचं विचारलं. शुक्रवारी लावतो म्हणाली. पण शुक्रवारी तर इश्वरभाऊंचं मोठं काम आहे, आणि त्याच दिवशी आमची अंतिम फेरी. पडद्यावर ते काम चालू दिसायला हवं!

"होते सारं बरोबर. तू तिकडचं पाय."

मी आणखी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. दोन्ही कामं एका दिवसात होतील, अर्धी टोळी इकडे, अर्धी तिकडे, असं मनाशी ठरवून टाकलं. दमलेल्या माणसाला सोयीचं तेच खरं वाटतं.

२८ जुलै, शुक्रवार

नागपूर. कंपनीच्या ऑफिसात इतकी थंडी की तो ढगळ टी-शर्ट बरा वाटला.

आमचा नंबर जेवणानंतर आला. पडद्यावर गावाचा नकाशा, त्यावर आईचा फोन जिथे आहे तिथे एक हिरवा ठिपका. इश्वरभाऊंची बांधी — काम सुरू. खुशबू माइकवर म्हणाली, आत्ता आपण इथे बसलोय, त्याच वेळी तिथे मंगलाबाईंची टोळी चिखलात उभी आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, काय करावं ते कळेना म्हणून.

एका परीक्षकानं विचारलं, या ॲपनं गावात काय बदललं? मी तोंड उघडलं. शकुनमावशी जिभेवर होती. अतुल घाईनं म्हणाला, आधी काम ओळखीवर मिळायचं, आता क्रमाने मिळतं. उत्तर छान होतं. मी तोंड मिटलं.

दुसरा क्रमांक! आणि तिघांनाही नोकरीचं पत्र, परीक्षा झाल्या की रुजू व्हायचं. अतुल नाचला. खुशबू रडली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

आईला फोन लावला. उचलला नाही. शेतातून आली नसेल.

२९ जुलै, शनिवार

पेढे घेऊन घरी. बसमधून उतरले आणि आधी बोडीकडे गेले. मावशीची बांधी लागली आहे! ओळी सरळ, रोपं जरा उंच, पण उभी. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं. दोन्ही कामं झाली तर! उगीच जीव जाळला मी.

आई घरात आडवी. कंबर धरली आहे, ताप आहे. मी पत्र वाचून दाखवलं. परत वाच म्हणाली. परत वाचलं. मग पेढा अर्धा खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. म्हटलं, थकली असेल, दोन शेतांचं काम एका दिवसात.

३० जुलै

पेढे घेऊन शकुनमावशीकडे गेले. तिनं पेढा घेतला, हातातच ठेवला. मी म्हटलं, शुक्रवारी तुम्ही सगळ्यांनी दोन्हीकडे केलंत, फार बरं झालं. मावशी म्हणाली,

"दोन्हीकडं कोण केलं, पोरी? आमी साऱ्याजणी माह्या बांधीत होतो. तुही माय एकटीच गेली इश्वरच्या बांधीत, फोन घेऊन. अंधार पडेपर्यंत वाकून होती. पोरीले सांगू नोका म्हणे."

टोळी आता पुष्पाबाईची. परवाच बायांनी ठरवलं, आई त्यात नाही.

घरी आले. आईच्या पायाशी बसून पाय चोळले. मला कळलंय हे तिला कळलं असावं. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "एकट्या बाईले काम देते का वो तुहं ॲप?"

देत नाही. टोळी असल्याशिवाय त्यात नावच घालता येत नाही.