गुलाबी मेणबत्तीचा रविवार

प्रिय छोट्या,

आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. गुलाबी मेणबत्ती मी एकटीनंच लावली. आई असती तर म्हणाली असती, "थांब, आधी त्या गाढवाला फोन लाव." दरवर्षी तू परगावाहून काहीतरी वात्रट बोलायचास आणि आई खोकला येईपर्यंत हसायची.

नाताळाआधी मन स्वच्छ करावं म्हणून काल पापनिवेदनाला गेले होते. फादर म्हणाले, "देवानं क्षमा केली. पण भावाला तुम्हालाच सांगावं लागेल."

दोनदा लिहून फाडलं. आई गेली त्या दुपारी तिनं मला तुला फोन लावायला सांगितलं. मी फोन कानाला धरला आणि म्हटलं, "लागत नाही गं." मी नंबर दाबलाच नव्हता. आठ वर्षं तिचं अंग पुसलं, तिला घास भरवले, पण माझ्याशी ती कधी तशी हसली नाही. निदान शेवटचं हसू तरी तुझ्या वाट्याला जाऊ नये, असं वाटलं. ती हसलीच नाही. दाराकडे बघत गेली.

दफनाच्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. "ताई, कारखान्यात मशीनवर असताना फोन बंद ठेवतो गं मी. माझंच चुकलं. मला माफ कर."

मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "केलं रे."

तुझी,
ताई