जनरेटरवरची गोधडी

दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, उधना येथील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कापणीच्या सणात, माझ्या दिवंगत आईची गोधडी लिलावात विकली गेली. मी पुढच्याच बाकावर बसले होते. हे मृत्युपत्र त्यामुळे लिहिते आहे.

मी, उज्ज्वला शांतवन पगारे, वय ६८, निवृत्त शिक्षिका, अविवाहित, राहणार उधना, सुरत. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. कोणाचे ऐकण्याची मला सवयही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. आई सुभद्राबाई ही याच मंडळीच्या पाळकांची पत्नी. वडिलांच्या प्रवचनांचा शेवट तिला भाकरी थापताना सुचे. नाताळची नाटके ती लिही, गाण्यांना चाली ती लावी. लिंबायतच्या यंत्रमागांवरच्या चिंध्या आणून, बाप्तिस्म्याला येणाऱ्या प्रत्येक बाळाला तिने गोधडी शिवून दिली. नव्वदी उलटली तरी सुई सुटली नाही. सगळे तिला 'पाळकीणबाई' म्हणत. नाव किती जणांना ठाऊक होते, देव जाणे.

तिचे शिलाई मशीन व कात्र्या भाची स्नेहा हिला. तिला शिवता येत नाही, शिकावे. आई मला शिकवू पाहत होती तेव्हा मी इंग्रजी कविता पाठ करीत होते. बँकेतली शिल्लकही स्नेहाचीच.

२. सदर गोधडीत वडिलांचा जुना काळा झगा आहे, माझ्या कॉन्व्हेंटचा निळा स्कर्ट आहे. आई म्हणाली होती, "उजू, मला पेटीत ठेवशील तेव्हा ही अंगावर घाल. ते सॅटिन नको बाई, घसरतं." मी हो म्हणाले. पण अंत्यविधीला बिशप येणार होते. त्यांच्यासमोर चिंध्या बऱ्या दिसणार नाहीत म्हणून मी पांढरे सॅटिन आणले. पुढे गोधडी असलेली तिची ट्रंक उघडायचा धीर झाला नाही. सणाच्या लिलावासाठी तशीच बंद पाठवून दिली.

३. खजिनदार दीपक साळवे यांनी गोधडी झटकून उंच धरली. "पाळकीणबाईंच्या हातची! बोला, बोला!" मागून कोणीतरी ओरडले, "दीपकभाई, आपल्या जनरेटरला थंडी वाजते!" मंडळी हसली. साळवेंनी ती मंडळीच्याच नावे घेतली आणि जनरेटरवर टाकली. वर मला म्हणतात, "मंडळीचं मंडळीतच राहिलं ना, ताई!"

श्री. साळवे यांस माझ्याकडून एक नवी ताडपत्री. तिचा उपयोग त्यांस कळेलच.

हात वर करून मी बोली लावू शकले असते. पण मग लोकांनी विचारले असते, आईची गोधडी इथे आली कशी? म्हणून हात मांडीवरच राहिला. साळवेंना शिव्या घालणे त्यापेक्षा सोपे आहे.

४. गोधडी परत मिळाल्यास माझा फ्लॅट मंडळीला, शिवणवर्गासाठी. दारावर 'सुभद्राबाई पगारे' एवढेच लिहावे. कोणाची पत्नी, कोणाची आई, काही नको. न मिळाल्यास फ्लॅट स्नेहाचा.

५. आमच्या कबरस्तानात नवी जागा मिळत नाही. घरच्यांचीच कबर पुन्हा उघडतात. मला आईच्या कबरीत ठेवावे, आणि वर सॅटिन नव्हे, तीच गोधडी घालावी. शेजारच्या उषाबाईंना हे सांगितले तर म्हणाल्या, "आते तरी मायले ऊब भेटू दे." गोधडी धुऊ नये. डिझेलचा वास राहू द्यावा. तो माझ्या वाट्याचा आहे.

या मृत्युपत्राची प्रत मंडळीच्या पंचांना दिली आहे. गोधडी देणार की नाही, याचे लेखी उत्तर ३१ जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती यावे. तोंडी निरोप चालणार नाही.

उज्ज्वला शांतवन पगारे
सुरत, १२ डिसेंबर २०२५

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
१. उषाबाई धुडकू महाजन, उधना
२. चेतन लक्ष्मण बोरसे, कोसाड