घण, यार्ड आणि बुधवार बायकोच्या नावे

मी, भंगार लोखंडाच्या यार्डाचा मालक, राहणार यार्डामागच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. फुप्फुसं गंजली आहेत, डोकं नाही. कान तर इतके शाबूत आहेत की भिंतीपलीकडे कोण माझ्या मरणाची वाट बघतंय, तेही ऐकू येतं. मला कोणी दमदाटी केलेली नाही. केली असती तर त्याच्यासाठीही एक कलम लिहिलं असतं.

१. यार्ड, वजनकाटा, क्रेन, खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझ्या बायकोची. 'तहहयात वापर' वगैरे काही नाही, पूर्ण मालकी. तिने ठेवावं, विकावं नाहीतर पेटवून द्यावं.

२. धाकट्या भावाला यार्डातला खिळाही देऊ नये. कारण लिहितो, म्हणजे कोर्टाला डोकं खाजवावं लागणार नाही. बायकोच्या गर्भाशयाचा कॅन्सर ऑपरेशनने काढला, वर किरणांचे शेक दिले. ती बरी होऊन घरी आली, तर भावजयीने तिचं ताट वेगळं केलं. किरणं अंगातून उडतात म्हणे. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, माझा हात लागला तरी अंग चोरायची. आयुष्यभर लोखंड वाकवलं, पण इथे जोर चालत नाही एवढं मला कळत होतं. अशात भाऊ ऑफिसात येऊन म्हणाला, "दादा, वहिनी म्हणजे आता नुसतं रिकामं खोकं. दुसरी बघू." ती पत्र्याच्या आडोशामागे चहा गाळत होती. ती बाहेर आली, घण उचलला आणि भावाच्या नव्या गाडीचं थोबाड फोडलं. आधी काच, मग दिवे, मग इंजिन. भाऊ बोंबलत होता. मी खुर्चीतून हललो नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

३. सगळे घण बुधवारच्या बायकांचे. बिडाचं लोखंड भट्टीत जाण्याआधी फोडावं लागतं. पोलाद वाकतं, बीड तुटतं. टाके भरून आल्यावर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, तेव्हापासून बुधवारी दुपारी गड्यांना सुट्टी, फाटक आतून बंद, आणि बायको बीड फोडते. मग तिच्या वॉर्डातल्या ओळखीच्या आल्या. एक मास्तरीण, जिचा नवरा ऑपरेशननंतर आधी वेगळ्या खोलीत गेला, मग वेगळ्या गावात. एक पोरगी, मूल होणार नाही म्हणून लग्न मोडलेली. जुन्या इंजिनावर खडूने कोणाचंतरी तोंड काढायचं आणि फुटेपर्यंत हाणायचं. मग रडायचं, मग फिदीफिदी हसायचं. पोरगी एकदा लग्न मोडणाऱ्या सासूचं तोंड काढून म्हणाली, "काकू, हिचं डोकं फारच टणक निघालं." मास्तरीण म्हणाली, "मधे पोकळ असेल गं, कडेला मार." अंथरुणातल्या दुखण्याच्या, कोरडेपणाच्या, भीतीच्या ज्या गोष्टी डॉक्टरांसमोर तोंडातून निघत नाहीत, त्या तिथे बिनधास्त निघतात. जे कानावर आलं ते मी सोबत नेतो. अशाच एका संध्याकाळी बायकोने माझा हात धरून टाक्यांच्या खुणेवर ठेवला. पुढचं कलमात बसत नाही.

४. गेल्या बुधवारी, मी अंथरुणाला खिळलोय हे बघून, भाऊ ताबा घ्यायला आला. पहार घालून फाटकाची कडी तोडली, मास्तरणीला केसांना धरून जमिनीवर आपटलं आणि म्हणाला, "निघा, खोकी सगळी." मग घण फरशीवरून फरफटल्याचा आवाज आला. बायको अगदी शांतपणे म्हणाली, "या की भाऊजी. पण कडी तोडलीत तो हात बाहेर ठेवून या." तो हातासकट पुढे आला. मनगट तुटलं. तुटण्याचे आवाज मला ओळखू येतात.

५. भावाने पोलिसात तक्रार दिली आहे. म्हणून पूर्ण शुद्धीत जाहीर करतो की तो घाव मी घातला. अंथरुणातून कसा घातला, ते पोलिसांनी शोधावं. मेलेल्याला समन्स लागत नाही.

(हे कलम वाचून बायकोने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: "खोटं आहे. मी मारला. पुन्हा कोणाच्या केसांना हात घातला, तर दुसरंही मनगट आहे." वकील म्हणतात, ही ओळ खोडा, खटल्यात नडेल. ओळ खोडायची नाही. माझं कलम खोडलं आहे.)

यार्डवाला (सही थरथरली तरी माझीच)

समक्ष: क्रेनचालक (सही)
समक्ष: कोपऱ्यावरची औषधवाली (सही)
दोघांनाही यातून दमडी मिळणार नाही, तरी आले.

ठिकाण: यार्डामागची खोली
तारीख: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तीच