घंटा गावाला गेल्या तेव्हा

चि. ब्लांका,

शाळेत पाठ केलेल्या कवितांत वसंत कोकिळेसोबत यायचा. यंदा आपल्या गल्लीत तो खडखडाट करत आला. गुड फ्रायडेला चर्चच्या घंटा रोमला जातात, म्हणजे ईस्टरपर्यंत वाजतच नाहीत, म्हणून त्यांच्याऐवजी मुलं लाकडी खडखडे वाजवत फिरायची, आठवतं? आता गावात मुलंच उरली नाहीत. आज एकटी तुझी लेक वेन्दुला फिरली, सव्वीस वर्षांची घोडी!

शेजारचा ह्रुश्का फाटकातून ओरडला, “डॉक्टरीणबाईंची लेक ना तू? आईनं हेच शिकवलं? जा, तूही जा रोमला!”

“घंटा परत येतात, काका,” ती म्हणाली.

घरी येऊन तिनं सांगितलं, उद्या ती बाप्तिस्मा घेणार. धास्ती एकच, देव न मानणारी तू हसशील. तुला हळूच तयार करावं म्हणून मी हे लिहायला बसलो, तोवर तिनं स्वयंपाकघरातून तुला फोनच लावला. मी लेखणी ठेवून कान दिला. मग ऐकू आलं, “हो आई, बाप्तिस्म्याला झगा पांढराच लागतो. तुझा दवाखान्यातला कोट चालेल. घेऊनच ये ना!”

आता हे पत्र पेटीत कशाला टाकू? तुझ्यासाठी अंथरूण घालायला उठतो.

तुझे,
बाबा